शिकाऊ उमेदवारीचं एक वर्ष

मेकॅनिकलची पदवी घेतलेला मुलगा चाकणच्या कारखान्यात पहिल्यांदा मशीनसमोर उभा राहतो. टॉलरन्सची व्याख्या त्याला तोंडपाठ असते. पण समोरचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, काही मायक्रॉनच्या फरकानं का नाकारला गेला, हे त्याला शेजारचा आयटीआय झालेला ऑपरेटर समजावतो. यात मुलाचा दोष नाही. चार वर्षांत असा जॉब कुणी त्याच्या हातात दिलेलाच नसतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा. १९७३च्या दुरुस्तीनं अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. पुढं कला, वाणिज्य, विज्ञानाच्या पदवीधरांनाही दार उघडलं. काम करत शिकायचं, दरमहा विद्यावेतन घ्यायचं, शेवटी प्रमाणपत्र. ‘नॅट्स’ या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. इतकी चांगली सोय, पण गावाकडच्या कितीतरी घरांत तिचं नावही पोहोचलेलं नाही, याची मला खंत वाटते.

उलट्या दिशेनंही वाट हवी. २०२२मध्ये यूजीसीनं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणलं: क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, पीएचडीची अट नाही. आपल्या महाविद्यालयांनी अशा अनुभवी माणसांना आग्रहानं बोलवावं.

आणि मुलांनो, ‘नॅट्स’च्या संकेतस्थळावर नोंदणी करा. मुलाखतीत नि:संकोच विचारा: मला कोणत्या विभागात, कुणाच्या हाताखाली शिकायला मिळेल?