पर्वतारण्यांतील कर्बाचा ठेवा

परटाच्या इस्त्रींत निखारे फुलतात, तेव्हां एके काळीं हवेंतून आलेली वस्तु पुन्हां हवेंत परत जात असते. लांकडाचा कोळसा हा बहुतांशीं कर्ब. कार्बन म्हणतात तोच. झाड हा कर्ब मातींतून घेत नाहीं. पानांच्या द्वारें हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु आंत घेऊन, सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें त्यांतील कर्ब तें आपल्या अंगीं मुरवितें. वाळलेल्या लांकडाचा जवळजवळ निम्मा भार कर्बाचाच असतो. म्हणून अरण्य हें कर्बाचें कोठार होय. मात्र डोंगर चढत जावें तसतशी या कोठाराची घडण पालटते. गढवाल व कुमाऊं येथील हिमालय पाहिला म्हणजे हें चांगलें ध्यानांत येतें.

पायथ्यापासून सुमारें ४,००० फुटांपर्यंत सालवृक्षाचें राज्य. त्याचें लांकूड जड व खोड उंच. परंतु उष्ण, दमट हवेंत गळलेलें पान वाळवी व सूक्ष्म जंतु लवकर फस्त करितात. त्यामुळें येथील ठेव्याचा मोठा वाटा उभ्या खोडांतच राहतो. त्याच्या वर, सुमारें ६,००० फुटांपर्यंत, चीड वृक्षाचीं वनें. त्याच्या सुयांसारख्या पानांस तेथील लोक पिरूल म्हणतात. उन्हाळ्यांत हें पिरूल पेटलें कीं जमिनीवर सांचलेला कर्ब धूर होऊन जातो. आणखी वर बांज नांवाच्या ओक वृक्षाची दाट सावली. तिच्याखालीं कुजलेल्या पानांची काळी, ओलसर माती. पुढें देवदार, खरसू ओक व फर यांचीं प्रचंड खोडें लागतात, आणि ११,००० ते १२,००० फुटांच्या सुमारास वांकडेतिकडे भूर्जवृक्ष उरतात.

समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांस हवा सरासरीनें २ अंश सेंटिग्रेड थंड होते. थंडीनें झाडाची वाढ खुंटते हें खरें. परंतु पाचोळा कुजविणारे जंतु त्याहूनही मंदावतात. जमा थोडी, पण खर्च त्याहून थोडा, अशा संसारांत शिल्लक वाढते. तसेंच या मातीचें होतें. हा नियम कांहीं सरळ रेषेसारखा नाहीं. उतार, पाऊस, खडक आणि कुऱ्हाड हीं त्यांत फरक पाडतात. तथापि भूर्जाचें खुजें झाड पाहून त्या अरण्याची संपत्ति अजमावणारा हमखास फसतो. तिचा मोठा भाग पायांखालीं असतो.

येथेंच विवेकाचा प्रश्न उभा राहतो. जुनें अरण्य तोडून तितकींच रोपें दुसरीकडे लावलीं, कीं हिशेब पुरा झाला असें पुष्कळांस वाटतें. पण रोपें वाढून कांहीं दशकांत खोडें मिळतील. शतकानुशतकें सांचलेली माती मिळणार नाहीं. छाया गेली कीं ती तापते, पावसानें वाहून जाते आणि तिच्यांतील कर्ब हवेंत सुटूं लागतो. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ येथें मोजणी सुरू झाली, तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारें ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत. याच वायूमुळें पृथ्वी तापत आहे, आणि ज्या थंडीनें उंचावरील ठेवा राखला तीच ओसरूं लागली आहे.

१९७० सालीं अलकनंदेला महापूर आला. त्यानंतर १९७४ सालीं चमोली जिल्ह्यांतील रेणी गांवच्या स्त्रिया, गौरादेवींच्या पुढाकारानें, कुऱ्हाडींच्या आड उभ्या राहिल्या. कर्बाचा हिशेब त्यांच्यापुढें नव्हता. झाड गेलें कीं डोंगर खालीं येतो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांनीं झाडें वांचविलीं. त्यांबरोबर मुळांखालची मातीही वांचली. कोणत्याही डोंगरावरील वनाची किंमत ठरवितांना खोडांची मोजदाद करणारांनीं त्या मातीचीही नोंद घ्यावयास हवी.