जेनेटिक्सकडे वळणार कोण?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



"पुढे कशात जाणार?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. कार्डिऑलॉजी, ऑर्थो, रेडिऑलॉजी. मला आज मेडिकल जेनेटिक्सबद्दल, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या शाखेबद्दल बोलायचं आहे. ती का हवी, हे बहरीनमध्ये राहून चांगलं कळतं.

इथे सिकल सेल पुष्कळ आहे. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. १९९८-९९ मध्ये डॉ. शेखा अल अरायेद यांच्या पुढाकाराने ५,६८५ विद्यार्थ्यांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे १४ टक्के मुलं वाहक निघाली. २००४ मध्ये लग्नाआधीची तपासणी कायद्याने सक्तीची झाली. लग्न करायचं की नाही, हे मात्र जोडप्यानेच ठरवायचं.

हा आजार आपल्यालाही परका नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारला तो आहेच. इथल्या आणि तिथल्या आजाराची जनुकीय ठेवणही बहुतांशी एकच, तिला नावच आहे 'अरब-भारतीय'. भारताने २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं.

तपासणी यंत्र करेल हो, पण रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या मुलीला 'वाहक म्हणजे आजारी नव्हे' हे कोण सांगणार? दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. हे कुणी नीट समजावलं नाही, तर कागदावरच्या एका शब्दाने जुळलेलं लग्न मोडतं, किंवा दुसऱ्या टोकाला, काही न कळता संसार सुरू होतो.

भारतात पेडिएट्रिक्स, मेडिसिन किंवा गायनॅकच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर यात डीएम करता येतं, उदाहरणार्थ लखनौच्या संजय गांधी संस्थेत. पण तोवर मनं दुसरीकडे बसलेली असतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षातच समुपदेशनाच्या ओपीडीत परवानगी घेऊन बसा, ऐका. आणि पालकहो, "यात स्कोप आहे का?" हा प्रश्न जरा उशिरा विचारा!

या दिवाळीत आजी-आजोबांना विचारून घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढा. कुणाला कोणता आजार होता, ते लिहा. या शाखेतली तपासणी तिथूनच सुरू होते.

शुभ दीपावली!