जुनी छोटी मोटार घ्यावी काय ?

यवतमाळ शहरांतून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत लोहारा लागतें. एके काळीं हें शहराबाहेरचें गांव होतें. आतां औद्योगिक वसाहत व नवीं घरें यांमुळें शहर कोठें संपलें आणि लोहारा कोठें सुरू झालें, हें नवख्याला सांगतां यावयाचें नाहीं. तेथील एका कारखान्यांत हिशेबनीस असलेल्या एका गृहस्थांच्या घरीं २०२५ च्या पावसाळ्यांत एक प्रश्न उभा राहिला. त्यांच्या मातोश्रींना दमा आहे. आषाढांतील एका रात्रीं त्यांना धाप लागली, आणि शहरांतील रुग्णालयांत नेण्यासाठीं रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. मातोश्री बऱ्या होऊन घरीं आल्या. परंतु त्या पाऊण तासाची धास्ती घरांतून गेली नाहीं. आठवड्याभरांतच पत्नीनें विषय काढला, "अहो, एखादी जुनी लहानशी मोटार आपण कां घेऊं नये ?"

नव्या मोटारीचे हप्ते झेपण्यासारखे नव्हते. बँकेंत दोन लाख रुपये होते, आणि तेहि मुलीच्या पुढील वर्षाच्या शिक्षणासाठीं ठेवलेले. त्यांतील निम्मी रक्कम वर्षभरांत भरून काढतां येईल, सगळी काढतां येणार नाहीं, हें हिशेबनिसाला कोणीं सांगावयास नको होतें. म्हणून मोटार घ्यावी कीं नाहीं याबरोबरच, घेतली तर ती आणखी किती पैसे खाईल, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. असा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो, आणि बहुधा तो मोटारीच्या रंगावर व दलालाच्या गोड बोलण्यावर सुटतो.

आपल्याकडे मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दारीं मोटार उभी राहिली ती मारुती ८०० मुळें. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें तिच्या पहिल्या ग्राहकास किल्ली मिळाली, आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. तोंवर देशांत अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. २००० सालीं आलेल्या ऑल्टोनें हळूहळू तिची जागा घेतली. ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें तेंच साधें इंजिन पुष्कळ वर्षें दोहोंत होतें. या गाड्यांचा मोठा गुण असा कीं, त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गांवींहि मिळतात व कोणत्याहि मिस्त्रीला त्या उघडतां येतात. ज्या मोटारीच्या एका कांचेसाठीं नागपुरास खेपा घालाव्या लागतात, ती फुकट मिळाली तरी महागच. तेव्हां जुनी गाडी घेणाऱ्यानें आपल्या गांवच्या मिस्त्रीला ओळखीची गाडी घ्यावी, येथवर घरांत कोणाचें दुमत नव्हतें.

पहिली मोटार एका दलालानें आणली. २०११ सालीं नोंदलेली ऑल्टो. रंग रुपेरी, बैठकांवर नवीं आच्छादनें, आंत अत्तराचा वास. किंमत दीड लाख. दलाल ती संध्याकाळीं घेऊन आला, तेव्हां ती धुतलेली होती व इंजिन गरम होतें. मुलीला गाडी आवडली. गृहस्थांनाहि आवडली होती, परंतु त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, "उद्यां सकाळीं आम्हीच तुमच्याकडे येऊं, तोंवर गाडी सुरू करूं नका." बैलबाजारांत जाणारा शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहून पैसे मोजीत नाहीं. तो दांत पाहतो, बैल चालवून पाहतो, आणि शक्य तर जुंपूनहि पाहतो. मोटारीच्या बाबतींत मात्र सुशिक्षित माणूस हें सारें विसरतो.

सकाळीं मिस्त्री बरोबर होते. त्यांनीं प्रथम बॉनेटवर हात ठेवला. तें गार होतें. थंड इंजिन सुरू करून पाहावें, कारण गरम इंजिन आपलीं दुखणीं लपवितें. किल्ली फिरवितांच मागील नळींतून निळसर धूर आला आणि बराच वेळ येत राहिला. "भाऊ, ही तेल पिते," एवढेंच मिस्त्री म्हणाले. निळा धूर म्हणजे इंजिनांतील वंगणाचें तेल पेट्रोलाबरोबर जळत आहे. थंडीच्या सकाळीं थोडी पांढरी वाफ दिसली तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु इंजिन तापल्यावरहि दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरमधील पाणी आंत शिरत असावें. तेल भरण्याचें झांकण उघडून आंत दुधाळ साका दिसला, तर तीच शंका बळावते. विदर्भांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. इंजिन थंड राखण्याची व्यवस्था येथें जितकी कसोटीला लागते, तितकी पुण्याकडे लागत नाहीं.

मिस्त्रींनीं दाराच्या चौकटीचें रबर ओढून खालचा पत्रा दाखविला. कारखान्यांत पत्रे जोडतांना विजेच्या डागांच्या बारीक वाटोळ्या खुणा ठराविक अंतरानें उमटतात. उजव्या बाजूस त्या होत्या, डाव्या बाजूस नव्हत्या; तेथें पत्रा गुळगुळीत होता व रंगाचा थर जाड. गाडीला डाव्या अंगानें मोठा अपघात झालेला होता. राखीव चाक उचलल्यावर खालच्या तळाशीं हातोडीचे घावहि सांपडले. रंग नवा देतां येतो, इंजिनहि पुन्हां बांधतां येतें. परंतु सांगाडा एकदां वांकला किंवा गंजला म्हणजे त्याला उपाय नाहीं. जुन्या मोटारींत सर्वांत अगोदर पाहावयाची आणि बहुतेक लोक सर्वांत शेवटीं पाहतात ती वस्तु म्हणजे हा सांगाडा.

अंतरदर्शक आंकडा ४८,००० किलोमीटर सांगत होता. हिशेबनिसानें मनांतल्या मनांत भागाकार केला: चौदा वर्षांत एवढें, म्हणजे महिन्याला तीनशें किलोमीटरहि नाहीं. पण ब्रेकच्या पायपट्टीचें रबर एका कडेला पार झिजलें होतें आणि चालकाच्या बैठकीची गादी नव्या आच्छादनाखालीं खचली होती. आंकडा मागें फिरवितां येतो. झीज फिरवितां येत नाहीं. टायरांवर लंबगोल चौकटींत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. येथें ते ३२१८ होते, म्हणजे टायर २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यांतील. नक्षी पुष्कळ शिल्लक होती, पण कडांना उन्हानें भेगा पडल्या होत्या. असे टायर बदलल्यावांचून गत्यंतर नसतें.

घरीं येऊन त्यांनीं कागद घेतला. दीड लाखांत इंजिनाचें काम व चार टायर मिळविले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करावी लागते. या गाडीची मुदत २०२६ मध्यें संपत होती. १ एप्रिल २०२२ पासून अशा नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आहे. वीस वर्षांवरील मोटारींसाठीं ती २०२५ मध्यें आणखी वाढली. शिवाय महाराष्ट्रांत पर्यावरण कर निराळा, आणि मोटार तपासणींत उतरली पाहिजे ती वेगळीच. बेरीज दोन लाखांच्या पलीकडे गेली. मुलगी हिरमुसली, पण कागद तिनेंहि पाहिला.

दुसऱ्या मोटारीची वार्ता एका शेजाऱ्यानें आणली. यवतमाळांतीलच एका सेवानिवृत्त परिचारिकाबाईंची ती गाडी, २०१४ सालची ऑल्टो ८००. एकाच हातांत वापरलेली. लाल रंग ठिकठिकाणीं विटलेला, एका कोपऱ्याला भिंतीचा ओरखडा. बाई एक लाख ऐंशीं हजार मागत होत्या. मुलीनें तोंड वांकडें केलें. मिस्त्री मात्र पाठीवर झोपून खालून पाहून आले आणि प्रसन्न दिसले. चौकटींतील खुणा दोन्ही बाजूंस सारख्या होत्या. थंड इंजिन पहिल्याच किल्लीला लागलें व धूर आला नाहीं. बाईंनीं दुरुस्तीच्या पावत्या सालवार दोऱ्यानें बांधून ठेवल्या होत्या. त्यांत टायमिंगचा पट्टा बदलल्याचीहि पावती होती. या इंजिनांत तो रबरी पट्टा असतो आणि ठराविक धांवेनंतर तो बदलावाच लागतो. तुटला तर गाडी भर रस्त्यांत बंद पडते. पट्टा बदलल्याचा पुरावा नसेल, तर तो खर्च किंमतींतून वजा करून मागावा, यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं.

दोष नव्हते असें नाहीं. बॅटरी व पुढील दोन टायर नवे हवे होते. वरच्या गिअरमध्यें चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, असें झालें तर क्लच संपत आला समजावें. येथें तसें झालें नाहीं, तरी पायपट्टी जड होती. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्याला पुरे पडतील अशा गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून निघूं लागल्या. त्यापूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावें लागतें. मिस्त्रींनीं त्या हातानें चेपून पाहिल्या व दोन बदलावयास सांगितल्या.

मोठी उणीव पत्नीनें काढली. या गाडींत हवेची सुरक्षापिशवी नव्हती. चालकासाठीं ती सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. २०१४ सालीं ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें पिशवी नसलेली ऑल्टो ८०० ताशी ६४ किलोमीटर वेगानें आदळवून पाहिली, तेव्हां प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठीं तिला एकहि तारा मिळाला नाहीं. ही गोष्ट दलाल सांगत नाहींत, आणि विचारणारेहि थोडे. घरांत त्यावर दोन दिवस बोलणें झालें. शेवटीं असें ठरलें कीं, गाडी घ्यावयाची ती शहरापुरती. नागपूरला जाणें एस्. टी. नेंच. महामार्गावर रोज धांवणें ज्याला भाग आहे, त्यानें मात्र एवढी जुनी लहान गाडी घेऊंच नये. थोडे अधिक पैसे घालून पिशव्यांची गाडी शोधावी किंवा थांबावें.

पत्नीनें आणखी एक पर्याय मांडला होता: गल्लींतील एका रिक्षावाल्याशीं रात्रीच्या फेरीचा महिनेवारी करार. महिन्यांतून दोनदांच बाहेर पडणाऱ्या घराला तो खरोखर अधिक किफायतशीर. परंतु आषाढाच्या त्या रात्रीं तोच रिक्षावाला एका लग्नाचें वऱ्हाड घेऊन आर्णीला गेला होता.

सौदा एक लाख पासष्ट हजारांवर आला. नोंदणी २०२९ पर्यंत असल्यानें ही रक्कम निदान चार वर्षांवर वांटली जाणार होती. रुपेरी गाडीचे दीड लाख वर्षभरांतच पुन्हां खर्च मागणार होते. पैसे देण्यापूर्वीं गृहस्थांनीं कागद पाहिले, शेत घेतांना सातबारा पाहतात तसे. बँकेचा बोजा उतरला आहे कीं नाहीं, दंडाच्या नोटिसा थकल्या आहेत काय, सांगाड्यावरील क्रमांक पुस्तकाशीं जुळतो काय, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षित क्रमांकपाटी बसली आहे काय, हें सारें तपासलें. पाटी बसलेली नव्हती. ती बाईंनीं स्वखर्चानें बसवून दिली.

बाईंना घाई होती ती हस्तांतरणाची, आणि ती रास्त होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें लागतें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्वाळा दिला कीं, दप्तरांत ज्याचें नांव, तोच मालक; गाडी कितीहि हात बदलून गेली असली, तरी अपघाताची भरपाई त्याच्याच माथीं येते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून किल्ली देणारे लोक किती मोठी जोखीम घेतात, हें यावरून दिसेल. विमाहि १४ दिवसांत अर्ज करून आपल्या नांवावर घ्यावा लागतो, आणि विनादाव्याची सवलत जुन्या मालकाकडेच राहते.

सह्या झाल्या. बाईंनीं पावत्यांचें बिंडोळें व दोन्ही किल्ल्या मातोश्रींच्या हातांत ठेवल्या, आणि गाडी फाटकाबाहेर निघतांना मागून सांगितलें, "मागच्या डाव्या दाराची कांच जराशी हातानें उचलून वर घ्या हं. जोर केलात तर अडकून बसते."