संगणक 'हँग' होतो तेव्हा

माउसचा बाण जागचा हलत नाही, पडद्यावरचे चित्र थिजते आणि घरात कुणीतरी म्हणते, 'हँग झाला!' श्रोतेहो, या हँग होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. त्या ओळखता आल्या नाहीत, तर एका पट्टीच्या खर्चात भागणारे काम नव्या यंत्राच्या खर्चावर जाते.

संगणकाची डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे लिहायचे टेबल. वीज गेली की टेबल रिकामे. रॅममधली प्रत्येक नोंद म्हणजे किंचितसा विद्युतभार, आणि तो सतत गळत असतो. म्हणून यंत्र साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या नोंदी पुन्हा भरून घेते. पाठांतर करणाऱ्याला उजळणी सुटत नाही, तसेच हे. मला कवी म्हणून याची मोठी गंमत वाटते.

पहिली तऱ्हा म्हणजे टेबल अपुरे पडणे. एकाच वेळी खूप काही उघडले की यंत्र टेबलावरचे सामान कपाटात ढकलते, पुन्हा काढते आणि त्यातच अडकते. थोडा वेळ थांबलात तर शुद्धीवर येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ भरलेली दिसली, तर नको ते बंद करा किंवा रॅम वाढवा.

दुसरी तऱ्हा वाईट. इथे टेबलच किडलेले असते. फारसे काही उघडलेले नसताना यंत्र थांबते, कधी निळा पडदा येतो. आमच्या घरी हेच झाले. मुलीने दोन सुट्ट्या खर्चून माझ्या कविता टाईप केल्या होत्या. दुरुस्तीवाला म्हणाला, 'चाचा, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.' आणि एके दिवशी जपून ठेवलेली फाईल उघडली, तर ओळींच्या जागी नुसते चौकोन. नासकी रॅम अक्षरे बदलते आणि बदललेलीच डिस्कवर लिहिते. म्हणून संशय आला की त्या यंत्रावर लिहिणे थांबवावे. नक्कलही त्यावर करू नये. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि मग उतरवून घ्यावे.

आता तपासणी. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' आयतेच असते. ते 'ठीक' म्हणाले तरी लगेच विश्वास ठेवू नका. पेन ड्राइव्हवरून 'मेमटेस्ट' रात्रभर चालवा. एक चूक दिसली तरी ती चूकच. मग प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून पट्टी काढा. सोनेरी टोके कोरड्या मऊ कापडाने पुसा. आमच्याकडचे कारागीर खोडरबर फिरवतात. फिरवायचाच तर हलक्या हाताने, आणि त्याचा चुरा खाचेत पडू देऊ नका. पट्टी बसवताना खिट्टीचा 'टक' आवाज यायला हवा. त्यानंतर एका वेळी एकच पट्टी लावून तपासा. तीच पट्टी दोन्ही खाचांत चुकली तर दोष पट्टीचा. चांगली पट्टीही एकाच खाचेत चुकत असेल तर दोष खाचेचा.

आमच्याकडे ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एक रात्रभर निर्दोष चालली, दुसरीने पाव तासातच चुका दाखवल्या. मदरबोर्ड ठणठणीत होता. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी, कारण डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम जोडूनच टाकलेली असते, तिथे कारागिराकडे जावेच लागते. आणि मेमरी निर्दोष निघाली, तर डिस्क तपासा, पंख्यावरची धूळही पाहा.

पट्टी बदलली तरी नासलेल्या फायली सुधारत नाहीत. बहुतेक कविता वहीत होत्या, मुलीने त्या पुन्हा टाईप केल्या. तीन वहीत नव्हत्या. दोन मला तोंडपाठ निघाल्या. तिसरीचे पहिले कडवे तेवढे आठवले.