फ्यूजच्या जागी घातलेली तार

माळव्यात देवासहून भोपाळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, काळी सिंध नदीच्या काठी सोनकच्छ हे गाव वसले आहे. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या राजवटींबरोबर माळव्यात आलेली मराठी कुटुंबे या मुलखात आता पुरती रुजली आहेत. अशाच एका कुटुंबातील 1968 सालच्या बुलेट मोटारसायकलीची ही हकीकत. वाहन जुने, मालक वृद्ध आणि ते चालविण्याची हौस मुलाला. अशी घरे आजही पुष्कळ आढळतील.

बुलेट ही मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. 1955 साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि हे वाहन आपल्याकडे तयार होऊ लागले. पुढे म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत याही रस्त्यावर आल्या. त्या पिढीच्या या गाड्यांची विद्युतयोजना सामान्यतः सहा व्होल्टची असे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत तार जाते; परंतु परतीची वेगळी तार बहुधा नसते. विजेचा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच बॅटरीकडे परततो. ही योजना साधी व स्वस्त खरी. तथापि सांगाडा गंजला की परतीचा मार्गही गंजतो, ही तिची उणी बाजू होय.

सोनकच्छच्या त्या गाडीला दोन व्याधी जडल्या होत्या. रात्री पुढचा दिवा काजव्यासारखा मिणमिणे. आणि हँडल पुरते डावीकडे वळविले की दिवा विझे, इंजिन बंद पडे व जळक्या रबराचा वास येई. मुलाने नवी बॅटरी आणली. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच! एकदा देवासहून परतताना मागून ट्रकची रांग येत असता नदीच्या पुलाजवळ गाडी अंधारात बंद पडली. त्या रात्री मुलगा घरी पोहोचेपर्यंत वडील ओट्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी घरात गाडी विकून टाकण्याची भाषा सुरू झाली.

अखेर एका वयस्क वायरमनला बोलावण्यात आले. त्याने प्रथम बॅटरीची तार सोडविली; कारण पेट्रोलच्या टाकीखाली जिवंत तारांशी खेळणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. नंतर त्याने फ्यूज उघडला. तेथे फ्यूज नव्हताच. त्याच्या जागी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा पिळून बसविलेला होता.

मुलगा म्हणाला, "कोण्या अडाणी मिस्त्रीचे काम असेल हे!"

वडील काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मिस्त्रीचे नव्हे रे, माझे. तुझ्या जन्माच्या वेळी पावसात वाटेत फ्यूज उडाला होता. घरी पोहोचायचे होते. उद्या बदलू म्हटले, आणि राहून गेले."

वायरमनने तो तुकडा काढून त्या जागी एक लहानसा बल्ब जोडला. बॅटरी पुन्हा लावली आणि सर्व स्विच बंद ठेवले. बल्ब विझलेला होता. हँडल डावीकडे वळविताच तो लख्ख पेटला! सर्व स्विच बंद असताना बल्ब पेटतो, याचा अर्थ कोठेतरी उघडी तार सांगाड्याला चिकटते आहे. हँडलच्या मानेजवळ हजारो वेळा घासून बॅटरीकडून स्विचकडे जाणाऱ्या तारेचे वेष्टन फाटले होते. खरा फ्यूज असता तर तो पहिल्याच वेळी उडाला असता व दोष उघडकीस आला असता. जाड तारेने मात्र तो इशाराच बंद केला. म्हणून तार तापत राहिली आणि रबर जळत राहिले.

दिव्याच्या मंदपणाचे कारण निराळे होते. दिव्याची परतीची तार जेथे सांगाड्याला जोडलेली होती, तेथे रंगाचे थर, गंज आणि तांब्यावरचे हिरवे जंगाल साचले होते. ओहमचा 1827 सालचा नियम येथे उपयोगी पडतो. तीस वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर पाच अँपिअर प्रवाह लागतो. वाटेतील सांध्याचा विरोध एक पंचमांश ओहम जरी असला, तरी सुमारे एक व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. आणि सहाऐवजी पाच व्होल्ट मिळाले तर प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. बारा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच दिव्याला निम्माच प्रवाह लागत असल्याने असा सांधा कमी जाचतो. म्हणून जुन्या गाडीत नवी बॅटरी घेण्यापूर्वी सांधे घासावेत, हेच शहाणपणाचे.

सांधा कानशीने चकचकीत करण्यात आला. दिव्यापासून बॅटरीपर्यंत परतीची एक स्वतंत्र तार ओढली गेली. मानेजवळची तार बदलून, हँडल दोन्ही बाजूंना पुरते वळले तरी ताण पडणार नाही इतकी ती सैल ठेवली व तिच्यावर रबरी नळी चढविली. फ्यूज कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचाच बसविला. कोणती तार कोठून कोठे जाते, याचा नकाशा मुलाने वहीत काढून ठेवला. दोन जादा फ्यूज त्याने हत्यारांच्या पेटीत टाकले.

त्या संध्याकाळी वडील स्वतः मागच्या आसनावर बसले आणि गाडी पुलापर्यंत जाऊन आली. दिव्याचा झोत रस्त्यावर स्थिर होता. तारेचा तो तुकडा मात्र त्यांनी फेकू दिला नाही. फ्यूजच्याच पेटीत ठेवला.

अडचणीच्या रात्री केलेली सोय हा गुन्हा नव्हे. त्या तारेनेच एका पित्याला घरी पोहोचविले होते. परंतु सकाळ झाल्यावर ती काढून टाकावयास हवी होती. कारण संकट टाळणारी सोय तशीच राहून गेली, तर पुढचे संकट तीच झाकून ठेवते.