व्हेनिसचा अखेरचा डोजे



राज्ये लयाला जातात ती बहुधा रणांगणावर किंवा राजवाड्यातील कारस्थानांत. परंतु युरोपातील एक अतिशय जुने प्रजासत्ताक सभागृहात, मतदानाने आणि तेही अपुऱ्या गणसंख्येच्या बैठकीत संपुष्टात आले. ते प्रजासत्ताक व्हेनिसचे. आणि त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी होता त्याचा अखेरचा राज्यप्रमुख, लुदोविको मानीन.

व्हेनिसच्या राज्यप्रमुखाला ‘डोजे’ म्हणत. तो तहहयात निवडला जाई. परंपरेनुसार पहिला डोजे इ. स. ६९७ मधला, मानीन हा एकशेविसावा. प्रजासत्ताक म्हणावयाचे, पण सत्ता मूठभर उमराव घराण्यांची. १२९७ साली तेथील महासभेची दारे इतरांना जवळजवळ बंद झाली. पुढे या घराण्यांतील जन्म आणि विवाह यांची नोंद ‘सुवर्णग्रंथ’ नावाच्या वहीत होऊ लागली. ज्याचे नाव त्या ग्रंथात नाही, त्याला राज्यकारभारात स्थान नाही.

सागरी व्यापारावर ही नगरी ऐश्वर्याच्या शिखरावर पोहोचली. परंतु पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानचा जलमार्ग शोधला आणि मसाल्याच्या व्यापारातील तिची मक्तेदारी हळूहळू ढासळली. सोळाव्या शतकात सायप्रस गेले. १६४५ साली क्रीटसाठी तुर्कांशी सुरू झालेले युद्ध चोवीस वर्षे चालले. रिकामी तिजोरी भरण्यासाठी उमरावांनी सुवर्णग्रंथाची पाने धनिकांना खुली केली. प्रवेशाची किंमत एक लाख डुकाट. फ्रिउली प्रांतातील मानीन घराण्याने १६५१ साली ती मोजली आणि ते उमराव झाले.

अशा घराण्यात १७२५ साली लुदोविकोचा जन्म झाला. १७४८ मध्ये एलिझाबेत्ता ग्रिमानी या जुन्या, मातब्बर घराण्यातील कन्येशी त्याचा विवाह झाला. विचेन्झा, व्हेरोना आणि ब्रेशा येथे त्याने अधिकारपदे भूषविली. तो सचोटीचा आणि दानशूर होता, धार्मिक वृत्तीचा होता; धाडसाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून कोणी केली नव्हती. १७८९ च्या फेब्रुवारीत आधीचा डोजे पाओलो रेनिएर वारला, तेव्हा कार्निव्हलच्या रंगाचा बेरंग होऊ नये म्हणून ती वार्ता काही दिवस दडवून ठेवण्यात आली. ९ मार्च रोजी एक्केचाळीस निर्वाचकांनी मानीनला निवडले. तेव्हा जुन्या घराण्यातील एका उमरावाने उपहासाने उद्गार काढल्याचे सांगतात, की एका फ्रिउलीवाल्याला डोजे केले, म्हणजे प्रजासत्ताक मेलेच!

या उपहासात कुलाभिमान होता, न्याय नव्हता. डोजेचे पद वैभवशाली असले तरी त्याचे हात शतकानुशतकांच्या नियमांनी बांधलेले होते. परकीय राज्यांची पत्रे त्याने एकट्याने उघडावयाची नाहीत, परवानगीवाचून नगर सोडावयाचे नाही. मृत्यूनंतरही त्याच्या कारभाराची चौकशी व्हावयाची. शिवाय पदाचा थाट सांभाळताना पदरचा पैसा ओतावा लागे. त्यामुळे संपत्ती हीच मोठी पात्रता ठरली होती. प्रजासत्ताकाला खर्च करणारा हवा होता, आणि तो मिळाला.

१७९६ साली नेपोलियन इटलीत उतरला. व्हेनिसने तटस्थतेचा मार्ग धरला, पण त्या तटस्थतेच्या पाठीशी शस्त्रबळ उभे केले नाही. १७९७ च्या एप्रिलमध्ये व्हेरोनात फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला. पाठोपाठ बंदरात शिरू पाहणाऱ्या एका फ्रेंच जहाजावर व्हेनिसच्या किल्ल्यातून तोफा डागल्या गेल्या. नेपोलियनला निमित्त मिळाले. मेच्या प्रारंभी त्याने युद्ध पुकारले.

१२ मे रोजी महासभा भरली. निर्णयासाठी सहाशे सभासद आवश्यक होते. उपस्थित होते पाचशे सदतीस. कित्येक उमराव आपल्या जमीनजुमल्याची काळजी घेण्यासाठी आधीच नगर सोडून गेले होते. फिकट चेहऱ्याने, डोळ्यांत पाणी आणून मानीनने सत्तात्यागाचा प्रस्ताव मांडला. इतक्यात बाहेर बंदुकांचे बार ऐकू आले. नगर सोडून निघालेल्या डाल्मेशियन सैनिकांनी दिलेली ती निरोपाची सलामी होती. पण सभागृहाला वाटले, हल्लाच झाला. घाईघाईने मते पडली: प्रस्तावाच्या बाजूने पाचशे बारा. उमराव पळत सुटले. मानीन आपल्या दालनात गेला आणि डोजेच्या मुकुटाखाली घालावयाची पांढरी टोपी त्याने सेवकाच्या हाती दिली. आता हिची गरज पडणार नाही, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे.

त्याच दिवशी याहून हृदयस्पर्शी गोष्ट बाहेर घडली. संत मार्कच्या नावाचा जयघोष करीत, प्रजासत्ताकाचा ध्वज उंचावत सामान्य माणसे रस्त्यावर आली. सुवर्णग्रंथात त्यांच्यापैकी कोणाचेही नाव नव्हते. त्यांच्या क्षोभाला लुटालुटीचे वळण लागले आणि अखेर रिआल्तोच्या पुलाजवळ त्यांच्यावर तोफा चालविण्यात आल्या. ज्यांना पाच शतके दाराबाहेर ठेवले होते, त्यांनाच त्या घराचे दुःख झाले होते.

पुढचे सारे वेगाने घडले. विजेत्यांनी द्रव्याबरोबर वीस चित्रे आणि पाचशे हस्तलिखिते मागितली. जूनमध्ये सुवर्णग्रंथाची जाहीर होळी झाली. ऑक्टोबरात काम्पो फोर्मिओच्या तहाने व्हेनिस ऑस्ट्रियाला देऊन टाकण्यात आले. आणि या वाटाघाटींच्या काळात नेपोलियनचा मुक्काम होता पास्सारियानो येथे, मानीन घराण्याच्याच भव्य वाड्यात!

मानीन अपत्यहीन होता. पत्नी १७९२ सालीच निवर्तली होती. नव्या राजवटीत कोणतेही पद न स्वीकारता तो एकांतात राहिला. आपल्या कारकिर्दीच्या आठवणी त्याने लिहून ठेवल्या. त्या १८८६ मध्ये छापल्या गेल्या. २४ ऑक्टोबर १८०२ रोजी तो वारला. मृत्युपत्राने त्याने मोठी रक्कम धर्मादायासाठी ठेवली. व्हेनिसच्या स्काल्झी चर्चमधील त्याच्या समाधीवर लॅटिनमध्ये दोनच शब्द कोरले आहेत. अर्थ एवढाच, की ही मानीनची रक्षा.

त्याला भ्याड ठरविणे सोपे आहे. तथापि नेपोलियनशी लढून नगरी वाचलीच असती, असे कोण म्हणेल? दोष अधिक जुना होता. पूर्वी अडीच हजारांच्या घरात असलेली महासभा अठराव्या शतकाच्या अखेरीस हजार-बाराशेवर आली होती. दार उघडले ते पैशासाठी, कर्तृत्वासाठी नव्हे. आणि आत होते त्यांनाही निर्णायक दिवशी यावेसे वाटले नाही.

१८४८ मध्ये व्हेनिसने ऑस्ट्रियाविरुद्ध उठाव करून पुन्हा प्रजासत्ताक पुकारले. त्याचा नेता दानिएले मानीन हा मूळच्या ज्यू कुटुंबातला वकील. आजोबांच्या धर्मांतराच्या वेळी हे आडनाव त्या घराण्याकडून आलेले. उपासमार आणि पटकी सोशीत हे नगर १८४९ च्या ऑगस्टपर्यंत लढले. शेवटी पराभव झालाच. पण या वेळी नगर आपल्या नेत्यामागे उभे होते.

संस्थांना दात्यांची गरज असते, आणि मानीन दाता होता. मात्र १२ मे १७९७ रोजी व्हेनिसला उणीव भासली ती देणग्यांची नव्हे, रिकाम्या राहिलेल्या त्रेसष्ट आसनांची. शंभर वर्षे पुरी करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या सभासदांनी तेवढा आकडा ध्यानात ठेवावा.