सात दिवसांचें घर

मनुष्य पडला म्हणजे हंसूं येतें. परंतु सरळमार्गी, आज्ञाधारक मनुष्य पडला, तर हंसतांहंसतां मनास चुटपुटही लागते. बस्टर कीटन ह्या अमेरिकन नटाचा १९२० सालचा ‘वन वीक’ हा दोन रिळांचा मूकपट अशा हंसण्याचा आहे.

त्या काळीं अमेरिकेंत घर टपालानें मागवितां येई! शिकागोच्या सीअर्स-रोबक कंपनीनें १९०८ पासून हा व्यापार चालविला होता. मापानें कापलेलें लांकूड रेल्वेनें येई. नंबरवार जोडीत गेलें कीं घर उभें. चित्रपटांतील नवदांपत्यास असेंच घर आहेर म्हणून मिळतें. नवरीनें नाकारलेला एक इसम पेट्यांवरील आंकडे गुपचुप बदलतो, आणि नवरा बिचारा सूचनांचा कागद निष्ठेनें पाळीत राहतो. तो मूर्ख नव्हे. कागदावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा अपराध.

मग काय विचारतां! भिंती वांकड्या, खिडक्या तिरप्या; माडीवरचें एक दार उघडावें तों पुढें नुसतें आकाश. त्यांतून कीटन थेट अंगणांत कोसळतो. लहानपणापासून आईबापांसह रंगभूमीवर पडण्याआपटण्याचेच खेळ केलेला हा नट. तरी ह्या पडण्यानें त्यास खरीच दुखापत झाली. चेहरा मात्र जागचा हालत नाहीं. सिबिल सीली हिनें केलेली नवरीही रडत बसत नाहीं. त्या वांकड्या भिंतीवर ती प्रेमाचीं दोन हृदयें रंगविते.

तेरा तारीख, वार शुक्रवार. मेजवानीस पाहुणे जमतात आणि वादळांत घर भोंवऱ्यासारखें फिरूं लागतें. हें घर चित्रांतलें नव्हे. फिरत्या बैठकीवर उभारलेलें खरेंखुरें घर होतें. पुढें कळतें कीं, ६६ व ९९ ह्या इंग्रजी आंकड्यांची पाटी उलटी झाल्यानें जागाच चुकली! आपली जागा रुळांपलीकडे. घर ओढीत नेतांना नेमकें रुळांवर अडकतें. समोरून गाडी येते. दोघें डोळे झांकून घेतात. गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते. हायसें वाटतें न वाटतें तोंच दुसऱ्या बाजूनें दुसरी गाडी येऊन घराच्या चिंधड्या उडविते.

कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणें आहे’ अशी पाटी लावतो, तिला तो सूचनांचा कागदही जोडतो, आणि बायकोचा हात धरून चालूं लागतो.